टाउनच्या तिजोरीच्या किल्ल्या कुणाकडे? मॅसॅच्युसेट्समध्ये नव्यानं घर घेतलेल्यांसाठी

घर घेतल्यावरच्या पहिल्या वर्षी ऑगस्ट आणि नोव्हेंबरची प्रॉपर्टी टॅक्सची बिलं आपण मुकाट्यानं भरतो. ती मागच्या वर्षीच्या करावर बेतलेली, अंदाजाची असतात. मग डिसेंबर संपता संपता तिसरं बिल येतं, १ फेब्रुवारीपर्यंत भरायचं. त्यात घराची नवी किंमत आणि नवा दर असतो. आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येऊन पडतो: "अडीच टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही म्हणतात ना? मग माझा टॅक्स नऊ टक्क्यांनी कसा वाढला?"

बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या टाउनच्या फायनान्स कमिटीवर मी सहा वर्षं काढली. त्या काळात हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की शेवटी लिहूनच काढायचं ठरवलं. बिलाचं उत्तर सोपं आहे, खाली देतोच. पण ज्यांना बिल पाहून राग येतो, ते बहुतेक जण आठ-दहा महिने उशिरा रागावलेले असतात. तो खर्च, ते कर्ज, सगळं आधीच्या वसंतात उघड्या दारांनी मंजूर झालेलं असतं आणि त्या खोलीत पंधरा माणसं असतात. म्हणून हा लेख: पैसा कुणाच्या हातून जातो, कर्जरोख्यांवर नजर कशी ठेवतात, आणि प्रश्न विचारायचा तर कुठल्या महिन्यात कुठल्या दारी जायचं.

पायरी पहिली: माणसं ओळखा

मॅसॅच्युसेट्समध्ये शहरं आणि टाउन मिळून ३५१ आहेत. टाउनला महापौर नसतो. पैसा मंजूर करणारी सभा म्हणजे टाउन मीटिंग. ॲक्टन, वेस्टबरोसारख्या ठिकाणी ती 'ओपन' असते, म्हणजे नोंदणी केलेला कुठलाही मतदार जाऊन मत देतो. श्रूजबरी, लेक्सिंग्टनमध्ये त्यासाठी निवडून दिलेले प्रतिनिधी असतात. आपल्याला ग्रामसभा आठवते, आणि ते फारसं चूक नाही. फक्त इथं सभेनं तरतूद नाकारली की सिलेक्ट बोर्डाला ती आपल्या अधिकारात करता येत नाही.

सिलेक्ट बोर्ड म्हणजे सहसा तीन किंवा पाच निवडून दिलेली माणसं, टाउनचं कार्यकारी मंडळ. रोजचा कारभार पगारी टाउन मॅनेजर किंवा ॲडमिनिस्ट्रेटर पाहतो. शाळांची स्कूल कमिटी वेगळी, तीही निवडून दिलेली. आणि फायनान्स कमिटी, जिला सगळे 'फिनकॉम' म्हणतात, ती बिनपगारी स्वयंसेवकांची. बऱ्याच टाउनमध्ये तिची नेमणूक मॉडरेटर (टाउन मीटिंग चालवणारा अध्यक्ष) करतो, म्हणजे ज्यांच्या खर्चावर ती नजर ठेवणार त्यांच्या हातात ती नेमणूक नसते. फिनकॉम शिफारस करते. स्वतःच्या मतानं ती फक्त एका छोट्या राखीव निधीतून, रिझर्व्ह फंडातून, पैसे देऊ शकते, आणि तेही 'असाधारण किंवा अनपेक्षित' खर्चासाठी. शाळेचा बॉयलर जानेवारीत फुटला तर हो. बॉयलर जुना आहे हे सगळ्यांना तीन वर्षं माहीत असेल, तर 'अनपेक्षित' शब्दावर तासभर वाद.

आता खरी मेख. आपल्याकडे मोठ्या देवळाची दानपेटी उघडायची तर किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे ठेवतात. इथंही तसंच आहे. पैसा असतो ट्रेझररकडे. वह्या असतात टाउन अकाउंटंटकडे. अकाउंटंटनं पैशाची आवक-जावक करणारं दुसरं कुठलंही टाउनचं पद घ्यायचं नाही, असं राज्याचा कायदाच सांगतो. खात्याचा प्रमुख बिल तपासून वर पाठवतो, त्या बाबीत शिल्लक आहे का हे अकाउंटंट पाहतो आणि बिलांची यादी करतो, त्या यादीवर सिलेक्ट बोर्डाची सही होते, आणि मगच ट्रेझरर चेक काढतो. २०१६ च्या सुधारणेनंतर बोर्डाला एका सदस्याला सहीचा अधिकार देता येतो, पण त्यानं पुढच्या बैठकीत ते सांगायचं असतं. तुमच्या टाउनमध्ये एकच जण सही करत असेल, तर तो बैठकीत खरंच सांगतो का, हे इतिवृत्तात पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

या बिलांच्या यादीलाही 'वॉरंट' म्हणतात आणि टाउन मीटिंगच्या विषयपत्रिकेलाही 'वॉरंट'च म्हणतात. आमच्या घरी पहिल्यांदा ती पुस्तिका पोस्टानं आली तेव्हा सासूबाई इथं होत्या. मुखपृष्ठावर वॉरंट, आत पहिल्याच ओळीत टाउनच्या कॉन्स्टेबलला उद्देशून हुकूम. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तशी त्यांनी हळूच विचारलं, "काय केलंत हो?" कॉन्स्टेबलला हुकूम असतो तो गावकऱ्यांना सभेची वर्दी देण्याचा, शेकडो वर्षांच्या रिवाजानं.

पायरी दुसरी: अडीच टक्क्यांचं नेमकं गणित

१९८० मध्ये मतदारांनी मंजूर केलेला 'प्रपोझिशन अडीच' हा कायदा तुमच्या बिलावर मर्यादा घालत नाही. मर्यादा आहे ती टाउननं मिळून गोळा करायच्या एकूण प्रॉपर्टी टॅक्सवर. समजा, टाउनची यंदाची मर्यादा ४ कोटी डॉलर आहे. पुढच्या वर्षी ती अडीच टक्क्यांनी, म्हणजे १० लाखांनी वाढते. शिवाय नवी घरं, नवी बांधकामं यांचा कर त्यात धरला जातो. त्याला 'न्यू ग्रोथ' म्हणतात.

मग तुमचं बिल नऊ टक्क्यांनी का वाढलं? दोनपैकी एक कारण, किंवा दोन्ही. टाउनमधल्या इतर मालमत्तांपेक्षा तुमच्या घराची किंमत जास्त वाढली, तर एकूण करातला तुमचा वाटा वाढतो. ऑफिसांच्या इमारती रिकाम्या पडल्या, त्यांच्या किमती घसरल्या आणि घरांच्या चढल्या, की हे हमखास होतं. दुसरं कारण, मतदारांनी मर्यादेच्या वर जायला स्वतःच हो म्हटलेलं असतं. त्याचे मुख्य प्रकार दोन. 'ओव्हरराइड' कायमचा: मर्यादाच वर सरकते आणि पुढची अडीच टक्के वाढ त्या नव्या आकड्यावर होते. 'डेट एक्सक्लूजन' तात्पुरता: एखाद्या ठरावीक कर्जाचा हप्ता मर्यादेबाहेर धरायचा, कर्ज फिटलं की तो बोजा उतरतो. दोन्हींना मतपेटीतून साधं बहुमत लागतं. मात्र डेट एक्सक्लूजनचा प्रश्न मतपत्रिकेवर घ्यायचा तर सिलेक्ट बोर्डाचे दोन-तृतीयांश सदस्य राजी असावे लागतात.

पत्रकांमध्ये या दोन शब्दांची गल्लत सर्रास होते. कोपऱ्याकोपऱ्यावर 'हो म्हणा', 'नको म्हणा' अशा पाट्या लागल्या की आधी पाहा: कायमचं आहे की कर्जापुरतं?

पायरी तिसरी: पंचांग

आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. त्याला नाव मिळतं ते संपणाऱ्या सालाचं, त्यामुळे १ जुलै २०२५ ला सुरू झालेलं वर्ष २०२६ चं.

शरद ऋतूत खात्यांकडून मोठ्या वस्तूंच्या, बांधकामांच्या मागण्या गोळा होतात. मागच्या वर्षी न खर्चलेला आणि अंदाजापेक्षा जास्त जमलेला पैसा, ज्याला 'फ्री कॅश' म्हणतात, तो राज्याच्या महसूल खात्यानं प्रमाणित केल्याशिवाय वापरता येत नाही. ते प्रमाणपत्र साधारण याच सुमारास येतं. जानेवारीत गव्हर्नर राज्याचं अंदाजपत्रक मांडतात आणि राज्याकडून टाउनला किती मिळणार याचा पहिला आकडा कळतो. त्या कागदाला अजून 'चेरी शीट' म्हणतात, कारण पूर्वी तो चेरीच्या रंगाच्या कागदावर छापत. फेब्रुवारी-मार्चमध्ये फिनकॉमपुढं एकेक खातं येऊन आपला खर्च समजावतं. एप्रिल-मेमध्ये टाउन मीटिंग. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कराचा दर ठरतो आणि राज्य तो तपासून मान्य करतं.

लक्षात ठेवायचे महिने दोनच, फेब्रुवारी आणि मार्च. तेव्हा आकडे ओले असतात. मे महिन्यातल्या सभेत उभं राहून तुम्ही जे म्हणाल त्यावर टाळ्या मिळतील, पण तोवर सगळं जुळून बसलेलं असतं आणि एक आकडा हलवायचा तर दुसरा कुठला कापणार हे जागच्या जागी सांगावं लागतं. मार्चमध्ये तोच प्रश्न विचारलात तर फायर चीफ पुढच्या आठवड्यात उत्तर घेऊन येतात.

या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. सूचना किमान ४८ तास आधी लागते, त्यात शनिवार, रविवार, सुट्ट्या धरत नाहीत. बसायला नागरिकत्व लागत नाही. एच-वन असो, ग्रीन कार्ड असो, कर तुम्ही भरताच, तेव्हा निःसंकोच जाऊन बसा. बोलायला अध्यक्षांची परवानगी लागते. लोक नसतातच म्हणून ती सहसा मिळते.

टाउन मीटिंगमध्ये मात्र मत फक्त नोंदणीकृत मतदाराचं, म्हणजे नागरिकाचंच. तुम्हाला स्वतःचा विषय सभेपुढं आणायचा असेल तर वार्षिक सभेच्या वॉरंटवर तो घालायला दहा मतदारांच्या सह्या पुरतात. दहाच! सोसायटीच्या सभेतसुद्धा याहून जास्त खटपट करावी लागते. विशेष सभेच्या वॉरंटवर विषय घालायला साधारण शंभर लागतात. वॉरंट बंद व्हायची तारीख टाउन क्लार्कला विचारून घ्या, ती हिवाळ्यातच येऊन जाते.

पायरी चौथी: अंदाजपत्रकाचं पुस्तक उघडा, पण सगळं वाचू नका

दीड-दोनशे पानांचा पीडीएफ असतो. मी नव्या सदस्यांना सांगायचो, चार बाबी पाहा.

शाळा. बहुतेक टाउनमध्ये निम्म्याहून जास्त पैसा इथं जातो. माझ्या पहिल्या टाउन मीटिंगला मी घसा खाकरून उभा राहिलो आणि म्हणालो की गणिताचा एक शिक्षक वाढवावा. मॉडरेटरनं अतिशय नम्रपणे सांगितलं की ही सभा शाळांचा फक्त एकूण आकडा ठरवू शकते, आत कुठं काय खर्च करायचं हा स्कूल कमिटीचा अधिकार. सभागृहात हशा नव्हता, पण मी बसताना खुर्ची जरा जोरात वाजली. तुमचा गणिताचा शिक्षक जानेवारीत स्कूल कमिटीपुढं मागा.

दुसरी बाब, आरोग्यविमा आणि पेन्शन. कुणी त्यावर बोलत नाही कारण हातात फार काही नसतं, पण अडीच टक्के वाढ कुठं गडप होते ते इथं दिसतं.

तिसरी, बर्फ. कायद्यानं कुठल्याही खात्याला तरतुदीबाहेर खर्च करता येत नाही. बर्फ काढण्याचं खातं हा प्रसिद्ध अपवाद. तरतूद मागच्या वर्षीपेक्षा कमी केलेली नसेल, तर परवानगी घेऊन तिथं तूट करता येते आणि ती पुढच्या वर्षीच्या करातून भरून काढतात. परिणाम असा की टाउन हा आकडा वर्षानुवर्षं मुद्दाम कमी ठेवतात, कारण एकदा वाढवला की खाली आणणं महागात पडतं. मागच्या पाच हिवाळ्यांचा खरा खर्च मागा आणि तरतुदीशेजारी ठेवा. दरवर्षी दुप्पट खर्च होत असेल तर ते अंदाजपत्रक तेवढ्यापुरतं नाटक आहे.

चौथी, फ्री कॅश कशावर उडवली. ती एकदाच मिळणारी शिल्लक असते. त्यातून ॲम्ब्युलन्स घेतली, रस्ता केला, किंवा स्टॅबिलायझेशन फंडात, म्हणजे टाउनच्या गंगाजळीत टाकली, तर उत्तम. त्या गंगाजळीतून पैसे काढायला सभेचे दोन-तृतीयांश लागतात, त्यामुळे ते तिथं सुरक्षित राहतात. पण फ्री कॅशमधून पगार भागवायला लागले की समजावं, घरखर्चासाठी दिवाळीचा बोनस मोडणं चालू झालं आहे. दोन-तीन वर्षांत ओव्हरराइड मागायला येतात.

आकड्यांची तुलना हवी असेल तर राज्याच्या डिव्हिजन ऑफ लोकल सर्व्हिसेसच्या संकेतस्थळावर सगळ्या ३५१ गावांचे कर, खर्च, फ्री कॅश, कर्ज असं सगळं मिळतं. शेजारच्या, तुमच्याएवढ्याच लोकसंख्येच्या तीन टाउनशी ताडून पाहा.

पायरी पाचवी: बॉण्ड, म्हणजे कर्ज

शाळा, अग्निशमन केंद्र, पाण्याची टाकी असल्या गोष्टी एका वर्षाच्या करातून होत नाहीत. त्यासाठी टाउन कर्जरोखे विकतं. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले तेव्हा आपल्याकडे ती मोठी बातमी झाली होती. इथं दहा हजार वस्तीचं टाउनसुद्धा ते सहज करतं. रोखे घेणाऱ्याला व्याजावर फेडरल आयकर लागत नाही, त्यामुळे तो कमी दराला तयार होतो. तारण म्हणून टाउनची कर बसवायची सगळी ताकद मागं उभी असते. म्हणजे तुमचं घर, माझं घर.

म्हणून कुलपं जास्त आहेत. पहिलं, कर्जाला टाउन मीटिंगचं दोन-तृतीयांश मत. शंभरातले सदुसष्ट. दुसरं, तो हप्ता अडीच टक्क्यांच्या मर्यादेबाहेर न्यायचा असेल तर मतपेटीतून डेट एक्सक्लूजन. दोन्हींतलं एक पडलं की प्रकल्प अडतो, आणि अडलेलं मी पाहिलंय: सभेत हात उंच, आणि दोन आठवड्यांनी मतपेटीत नाही. तिसरं, टाउनचं कर्ज राज्यानं ठरवलेल्या त्याच्या एकूण मालमत्तामूल्याच्या ५ टक्क्यांच्या आत लागतं. पाणीपुरवठ्यासारखी काही कामं या हिशेबात धरत नाहीत. चौथं, मुदत. वस्तू जितकी टिकेल त्याहून लांब कर्ज नको. शाळेच्या इमारतीला ३० वर्षं चालतात, पोलिसांच्या गाडीला नाही.

आता एक आकडेमोड करू, कारण सभेत 'सरासरी घराला किती' एवढंच सांगतात आणि तो आकडा कसा काढला यावर सगळं अवलंबून असतं. समजा ३ कोटी डॉलरचं कर्ज, ३० वर्षं, ४ टक्के. दरवर्षी मुद्दल सारखं फेडलं तर पहिल्या वर्षी मुद्दल १० लाख आणि व्याज १२ लाख, मिळून २२ लाख. शेवटच्या वर्षी १० लाख ४० हजार. एकूण व्याज १ कोटी ८६ लाख. उलट आपल्या घराच्या मॉर्टगेजसारखा दरवर्षी सारखा हप्ता ठेवला तर तो सुमारे १७ लाख ३५ हजार बसतो, पण एकूण व्याज २ कोटी २० लाखांच्या आसपास जातं. टाउनमधल्या मालमत्तेची एकूण किंमत ४०० कोटी असेल, तर पहिल्या पद्धतीत पहिल्या वर्षी किमतीच्या दर हजार डॉलरमागे ५५ सेंट. ७ लाखांच्या घराला ३८५ डॉलर. दुसऱ्या पद्धतीत सुमारे तीनशे.

म्हणून ट्रेझररला विचारायचं: हा सरासरी आकडा पहिल्या वर्षाचा आहे की तीस वर्षांचा मध्य? कुठली पद्धत धरली? व्याजदर काय धरला? हे तीन प्रश्न विचारणारा माणूस सभेत दिसला की ट्रेझरर खूश होतात. खरंच. त्यांना असं कुणी विचारतच नाही.

शाळेची इमारत असेल तर आणखी एक पात्र येतं: मॅसॅच्युसेट्स स्कूल बिल्डिंग ऑथॉरिटी, २००४ मध्ये स्थापन झालेली. राज्याच्या ६.२५ टक्के विक्रीकरातला एक टक्का, म्हणजे करपात्र विक्रीच्या दर डॉलरमागे एक सेंट, तिच्याकडे जातो आणि त्यातून ती मान्य खर्चाचा काही भाग टाउनला परत देते. 'मान्य' या शब्दाकडे नीट पाहा. सगळा खर्च मान्य नसतो, त्यामुळे 'निम्मे राज्य देणार' हे वाक्य सभेत ऐकलंत तर विचारा, निम्मे कशाचे? आणि ऑथॉरिटीनं प्रकल्प मंजूर केल्यावर टाउनला पैशाचा ठराव करायला १२० दिवस मिळतात. 'आत्ता नाही तर कधीच नाही' अशी घाई दिसते तिचं मूळ बऱ्याचदा इथं असतं. ती घाई खोटी नसते.

पायरी सहावी: सभेच्या रात्री

हायस्कूलचं सभागृह, सात वाजता सुरू, दारात क्लार्कची माणसं यादीवर नाव तपासून मतदानाचं कार्ड किंवा क्लिकर देतात. मुलांना सांभाळायची सोय काही ठिकाणी असते, आधी विचारा. विणकाम घेऊन येणाऱ्या आजीबाई पुढच्या रांगेत असतात आणि त्यांना सगळे नियम पाठ असतात.

तोंडी मतदानात मॉडरेटर आवाजाच्या अंदाजानं निकाल सांगतात. तो पटला नाही तर लगेच उभं राहायचं. सात मतदारांनी शंका घेतली की मोजणी करावीच लागते.

कर्जाचा ठराव वाचताना आकड्याआधी हेतूचं वाक्य वाचा. 'अमुक शाळेचं छत बदलणं आणि त्याला लागून येणारा खर्च' असं लिहिलं असेल, तर पैसा त्यालाच लागेल. हे वाक्य बॉण्ड कौन्सेल म्हणून नेमलेला वकील घासूनपुसून लिहितो. तिथल्या तिथं उपसूचना मांडून त्यात 'आणि एसी' घालायला गेलात तर मॉडरेटर बहुधा नाकारतील, कारण वॉरंटमध्ये लोकांना ज्याची वर्दी दिली त्याबाहेर सभेला जाता येत नाही.

पायरी सातवी: मत दिल्यानंतर

इथं बहुतेकांचं लक्ष उडतं, आणि कर्जाच्या पैशावर खरी राखण इथूनच लागते.

ठराव झाला म्हणून रोखे लगेच विकत नाहीत. बांधकाम चालू असताना एक-एक वर्षाची छोटी कर्जं घेतात, त्यांना 'बॅन' म्हणतात, पुढं निघणाऱ्या बॉण्डच्या भरवशावरची नोट. अगदी छोट्या टाउनसाठी राज्याची 'स्टेट हाउस नोट्स' नावाची स्वस्त सोयही आहे. माझी स्वतःची चूक सांगतो. एका कामाची नोट २०२१ मध्ये अर्ध्या टक्क्याच्याही आत मिळाली होती. नूतनीकरणाचा कागद आला तेव्हा मी 'ठीक आहे, स्वस्त आहे' म्हणून पुढच्या पानावर गेलो, कायमचा बॉण्ड कधी काढणार हे विचारलंच नाही. २०२३ मध्ये तीच नोट पुन्हा आली तेव्हा दर चारच्या घरात. पैसे बुडाले नाहीत, पण तो प्रश्न मी नंतर कधी सोडला नाही: कायमचं कर्ज कधी?

कर्जाचा पैसा वेगळ्या खात्यात, वेगळ्या हिशेबात राहतो. तुम्ही मागायचा कागद एकच, पाच रकान्यांचा: मंजूर किती, उचललं किती, खर्च किती, करारांत बांधलेलं किती, शिल्लक किती. प्रत्येक प्रकल्पाची एक ओळ. टाउन हा कागद स्वतःहून क्वचितच छापतं, पण आकडे अकाउंटंटकडे असतातच. सार्वजनिक नोंदीच्या कायद्याखाली लेखी मागितलंत तर कामकाजाच्या दहा दिवसांत प्रतिसाद द्यावा लागतो. आमच्याकडे मी फोनवर मागितला आणि दुपारी आला.

त्या कागदावर दोन गोष्टी शोधा. आकस्मिक खर्चासाठी ठेवलेली रक्कम किती संपली आणि काम किती झालं. काम निम्मं आणि आकस्मिक निधी सत्तर टक्के संपलेला असेल, तर पुढच्या बांधकाम समितीच्या बैठकीला जा. तिथं ठेकेदाराच्या वाढीव कामांच्या मागण्या, 'चेंज ऑर्डर', एकेक करून येतात. जमिनीत खडक लागला ही मागणी समजण्यासारखी असते. आराखड्यात राहून गेलं ही मागणी आली तर ती कुणी भरायची, हा प्रश्न आर्किटेक्टकडे पाहून विचारायचा असतो.

दुसरी गोष्ट, उरलेला पैसा. एका टाउनमध्ये ग्रंथालयाच्या छताचं काम अंदाजापेक्षा स्वस्तात झालं आणि कुणीतरी सुचवलं की उरलेल्या पैशात पार्किंगचं डांबरीकरण उरकून घेऊ. अकाउंटंटबाई उठल्या नाहीत, आवाज चढवला नाही, फक्त म्हणाल्या, "त्याला ठराव लागेल." कायदा असा की उरलेलं कर्ज दुसरीकडे वापरायचं तर पुन्हा सभेपुढं जायचं, आणि ते अशाच कामाला जातं ज्यासाठी तेवढ्याच किंवा त्याहून लांब मुदतीचं कर्ज काढता आलं असतं. छताच्या मुदतीत डांबर बसत नव्हतं. पैसा जागेवर राहिला.

फेडरल नियमही आहेत. करमुक्त व्याजाचा पैसा उचलून बँकेत ठेवून त्यावर जास्त व्याज कमवत बसायचं नाही. कर्ज घेतानाच बहुतेक रक्कम, ८५ टक्के, तीन वर्षांत खर्च होईल अशी रास्त अपेक्षा असावी लागते. पाच रकान्यांत चार वर्षं जुनी मोठी शिल्लक दिसली तर नुसतं कुतूहल म्हणून विचारू नका, लेखी विचारा.

घरबसल्या पाहायचं असेल तर 'एमा' नावाचं मोफत संकेतस्थळ आहे, म्युनिसिपल रोख्यांच्या नियामक मंडळाचं. टाउनचं नाव टाका. रोखे विकताना काढलेलं माहितीपत्रक मिळेल, त्यात टाउनचं सगळं कर्ज, मोठे करदाते, पेन्शनची थकबाकी असं सगळं एका जागी, अंदाजपत्रकाच्या पुस्तकापेक्षा कितीतरी सरळ लिहिलेलं. गुंतवणूकदारासाठी लिहिलेलं असल्यानं त्यात गोडवा नसतो. मी नव्या सदस्यांना पहिला हाच दस्तऐवज द्यायचो.

आणि ऑडिट. बहुतेक टाउनमध्ये बाहेरची ऑडिट कंपनी दरवर्षी हिशेब तपासते. मुख्य अहवाल जाडजूड आणि बहुधा निर्दोष असतो. त्याच्यासोबत कधीकधी एक पातळ पत्र येतं, मॅनेजमेंट लेटर. बँकेच्या खात्याचा आणि वहीचा ताळमेळ महिन्याच्या महिन्याला होत नाही, अमुक फी रोखीनं घेतात आणि पावती देत नाहीत, असल्या गोष्टी त्यात असतात. मागच्या तीन वर्षांची पत्रं शेजारी ठेवा. तीच ओळ तिन्हींत असेल तर सिलेक्ट बोर्डाच्या बैठकीत नागरिकांच्या वेळेत उभे राहा आणि ती ओळ मोठ्यानं वाचा. दुसरं काही बोलायची गरज पडत नाही.

आत यायचं असेल तर

फिनकॉमवर जागा रिकामी असतेच. नागरिक आणि टाउनचे मतदार असाल तर क्लार्ककडे किंवा टाउनच्या संकेतस्थळावर एक पानी अर्ज मिळतो. अकाउंटन्सी यायला हवी असं नाही. आमच्या कमिटीत एक पशुवैद्य होत्या आणि सगळ्यात अवघड प्रश्न त्याच विचारायच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी जातात, बैठका सातला सुरू होतात आणि दहाच्या आधी क्वचित संपतात. जेवून जा.